जुना पिकअप ट्रक: इंजिन बंद पडणं आणि स्लोवर थरथरणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली उत्तरं मुख्यतः पेट्रोलवर चालणाऱ्या, साधारण १९७० ते २००५ दरम्यानच्या पिकअपसाठी आहेत. त्यात कार्बोरेटरच्या गाड्याही आल्या आणि फ्युएल इंजेक्शनच्याही. डिझेलवाल्यांनी प्रश्न १५ पाहावा. पार्ट बदलून बदलून थकलेल्यांनी थेट प्रश्न १२ वर जायला हरकत नाही, पण जाताना प्रश्न २ मात्र वाचून जा.

१. स्लोवर इंजिन थोडंफार हलतंच ना? मग काळजी कधी करायची?

गरम झालेलं पेट्रोल इंजिन स्लोवर, म्हणजे ऍक्सिलरेटरवर पाय नसताना, साधारण ६०० ते ९०० आरपीएमने फिरतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा बहुतेक वेळा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. चार सिलिंडरचं इंजिन थोडं हलणारच, तो काही बिघाड नाही. काळजी करायची ती ठोका चुकायला लागला तर, आरपीएमचा काटा सतत वरखाली होत असेल तर किंवा गिअर टाकताच इंजिन दम तोडत असेल तर.

एक जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. ती एकसारखी बाहेर फडफडली तर सगळे सिलिंडर काम करताहेत. मधूनच आत ओढली जात असेल तर कुठेतरी मिसिंग आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), किंवा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालाय. पट्टी नीट फडफडते आणि तरीही केबिन थरथरते, असं असेल तर इंजिन माउंटिंगचे रबर बघा. रबर बसल्यामुळे हलणाऱ्या इंजिनावर लोक विनाकारण प्लग आणि कॉइल बदलत बसतात.

२. गाडी मध्येच बंद पडते. पहिला कोणता पार्ट बदलू?

कोणताच नाही. आधी वही घ्या. गाडी बंद पडली की दर वेळी चार गोष्टी लिहा: इंजिन थंड होतं की गरम; गाडी उभी होती, चालत होती की थांबत होती; इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम गेलं की आचके देत गेलं; आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला.

यातला तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा आहे. एकदम, कसलीही सूचना न देता बंद पडणारं इंजिन बहुधा ठिणगी हरवल्यामुळे बंद पडतं. मग इग्निशन मॉड्यूल (ठिणगीचा करंट चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक डबी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला सांगणारा), इग्निशन स्विच किंवा सैल वायर यांच्यावर संशय घ्यायचा. आचके देत, कण्हत, ऍक्सिलरेटर दाबूनही न सावरणारं इंजिन बहुधा इंधनाला तरसतंय. आणि रेस दिली की छान चालतं, पाय काढला की बंद पडतं, असं असेल तर स्लोच्या वेळची हवा बिघडली आहे (प्रश्न ४ आणि ५).

वहीत चार-पाच नोंदी झाल्या की पुढचा रस्ता आपोआप दिसतो. फक्त थंड असताना त्रास असेल तर प्रश्न ६, फक्त गरम झाल्यावर असेल तर प्रश्न ७, थांबताना असेल तर प्रश्न ८, पावसात असेल तर प्रश्न १० पाहा.

दरम्यान बॉनेट उघडून पंधरा मिनिटं नुसतं बघा. एअर फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, इंजिन ते चॅसिस जाणारी अर्थिंगची पट्टी, निसटलेले किंवा तडकलेले रबरी पाइप आणि एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेपर्यंतची) नागमोडी रबरी नळी तपासा. ही नळी हाताने वाकवून बघा. वळ्यांच्या खाचेत पडलेली चीर वरून दिसत नाही.

३. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. तरीही स्कॅनर लावायचा का?

लावा. दिवा न लावताही कंप्युटरच्या स्मरणात अर्धवट नोंदी राहतात. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या गेलेल्या पिकअपमध्ये ओबीडी-२ सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असतं, स्टिअरिंगच्या खाली. त्याआधीच्या अनेक इंजेक्शन गाड्यांत ठरावीक दोन पिना जोडल्या की दिव्याची उघडझाप मोजून कोड वाचता येतो. कोणत्या पिना, ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच करा. चुकीच्या जोडल्या तर कंप्युटर जळू शकतो.

पी०३०० म्हणजे इतस्ततः मिसिंग. पी०३०१ ते पी०३०८ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. पी०५०५ म्हणजे स्लोवर नियंत्रण नाही. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पण कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. तो सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कंप्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा) दिसत असेल तर कोडपेक्षा तो आधी बघा. स्लोवर २० टक्क्यांच्या पुढे आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर, म्हणजे व्हॅक्यूम लीक (इंजिनात चोरून शिरणारी हवा, प्रश्न ४). उलट स्लोवर ठीक आणि चढावर, लोडवर वाढत जाणारा, म्हणजे इंधन कमी पडतंय किंवा हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर मळलाय.

४. व्हॅक्यूम लीक घरच्या घरी कसा शोधू?

स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत) जोरदार ओढ तयार होते. तिथे छोटंसं भोक पडलं तरी न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं. रेस दिल्यावर ती चोरटी हवा एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते, म्हणून त्रास स्लोवरच जाणवतो.

आधी कान लावा. तीन-चार फूट रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेने फिरवा. फुसफुस नेमकी कुठून येते ते कळतं. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून नळी, बाही, केस दूर ठेवा.

मग एकेक पाइप पकडीने हलकेच चिमटा, मध्ये कापड घालून. ज्याला चिमटल्यावर इंजिन सुधारेल, तो पाइप किंवा त्याच्या पलीकडची वस्तू दोषी. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप विसरू नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणारा) काढून हलवा, आत खुळखुळ वाजली पाहिजे. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला की ओढ जाणवली पाहिजे.

बरेच जण कार्बोरेटर क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का ते बघतात. उपाय चालतो, पण तो द्रव पेट घेतो. खाली तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि बाजूला जुनी प्लग वायर असताना मी तो करत नाही. साध्या पाण्याचा बारीक फवारासुद्धा गॅस्केटची गळती क्षणभर बुजवतो आणि आवाज बदलतो. वेळ लागतो, पण आग लागत नाही. गळती तरीही सापडली नाही तर गॅरेजमध्ये धूर सोडून तपासणी करून घ्या.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर सोनं. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन स्लोवर १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच वजा धरा. काटा खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा ठिणगीचं मागे गेलेलं टायमिंग. ठरावीक लयीत खाली झटके मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये.

एक अपवाद लक्षात ठेवा. मास एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाड्यांत गळतीची हवासुद्धा हिशेबात धरली जाते. तिथे इंजिन थरथरण्याऐवजी स्लोच वाढलेला दिसतो. तो स्क्रूने खाली आणण्याआधी गळती शोधा.

५. थ्रॉटल बॉडी स्वच्छ केली आणि आता गाडी आधीपेक्षा वाईट चालते. काय बिघडवलं मी?

बहुधा काहीच नाही. काजळी साचत गेली तसतसा कंप्युटर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह (स्लोवर लागणारी हवा सोडणारा) जास्त जास्त उघडायला शिकला होता. काजळी गेली, पण शिकलेलं राहिलं. काही गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा-वीस मिनिटं काढून ठेवली आणि नंतर एसी, दिवे बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत स्लोवर चालू दिलं की गाडी नव्याने शिकते. काहींना मॅन्युअलमध्ये दिलेली ठरावीक कृती करावी लागते.

तरी सुधारणा नसेल तर स्वच्छ करताना वेगळा केलेला व्हॉल्व्ह तपासा. त्याची दांडी हाताने जोरात दाबली किंवा ओढली असेल तर आतले दाते खराब होऊ शकतात. गॅस्केट नीट बसला नसेल तर तुम्हीच नवा व्हॅक्यूम लीक तयार केलाय. मास एअरफ्लो सेन्सरला हात लावलाच असेल, तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. कापडाने पुसला की त्याची बारीक तार गेली.

६. सकाळी थंड असताना दोन-तीनदा बंद पडते, गरम झाली की छान. का?

थंड इंजिनात पेट्रोलचं नीट बाष्प होत नाही, म्हणून त्याला दाट मिश्रण आणि थोडा वाढीव स्लो लागतो. कार्बोरेटरवर हे काम चोक करतो. एअर फिल्टरचं झाकण काढून थंड इंजिनावर ऍक्सिलरेटर एकदा दाबा, चोकची पट्टी जवळपास मिटली पाहिजे. मिटत नसेल तर तिच्या सांध्यांवरचा डिंकासारखा थर काढा, मगच स्प्रिंगला दोष द्या.

इंजेक्शनच्या गाडीत पहिला संशयित कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. गाडी थंड असताना स्कॅनरवरचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. थंड इंजिनाला सेन्सर ८० अंश सांगत असेल तर कंप्युटर पेट्रोल कमी देणारच. डॅशबोर्डचा काटा पाहून ठरवू नका, अनेक गाड्यांत त्याचा सेन्सर वेगळा असतो.

सुरू व्हायला त्रास नाही, पण दमट थंड हवेत काही मिनिटं चालून बंद पडते आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते, अशी कार्बोरेटरची गाडी असेल तर आत बर्फ धरतोय. बाहेर शून्याच्या बऱ्याच वर तापमान असलं तरी हे होतं, कारण पेट्रोलचं बाष्प होताना घसा गार पडतो. एक्झॉस्टजवळची गरम हवा एअर फिल्टरपर्यंत नेणारी पातळ नळी कोणीतरी 'बिनकामाची' म्हणून काढून टाकली आहे का, ते बघा.

७. तासभर चालली की एकदम बंद पडते, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये नेली की दोषच दिसत नाही!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुकीचे पार्ट याच बिघाडात बदलले जातात. उष्णतेने बिघडणारी वस्तू थंड झाली की निर्दोष दिसते. म्हणून तपास त्या अर्ध्या तासातच करायचा, रस्त्याच्या कडेला.

गाडीत तीन गोष्टी ठेवा: ठिणगी तपासायचा स्पार्क टेस्टर, टेस्ट लॅम्प आणि पाण्याची बाटली. गाडी बंद पडली की सुरक्षित जागी थांबवून आधी ठिणगी बघा.

ठिणगी नाही: इग्निशन मॉड्यूल, पिकअप कॉइल (डिस्ट्रिब्युटरमधली, ठिणगीची वेळ सांगणारी), क्रँक सेन्सर किंवा कॉइल. आरपीएमचा काटा असेल तर स्टार्टर फिरवताना त्याच्याकडे पाहा. अनेक गाड्यांत क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की काटा शून्यावर चिकटून राहतो. संशयित पार्टवर थोडं पाणी ओता, कनेक्टर वाचवून. गार होताच गाडी सुरू झाली तर चोर सापडला. १९८० च्या दशकातल्या अनेक फोर्ड गाड्यांत मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर बसवलेलं होतं आणि तापून बंद पडण्यासाठी ते प्रसिद्ध झालं. जनरल मोटर्सच्या डिस्ट्रिब्युटरमधलं मॉड्यूल बदलताना त्याच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची विसरलात, तर नवं मॉड्यूलही त्याच वाटेने जातं.

ठिणगी आहे: मग इंधन. किल्ली ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू येते का? पंपाच्या कनेक्टरवर करंट आहे आणि पंप गप्प आहे, तर पंप गेला. टाकीच्या तळाशी हलकी थाप मारल्यावर चालू झाला तर खात्रीच. करंटच नसेल तर रिले आणि वायरिंग. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या पाइपमध्येच वाफ अडकलेली असू शकते. पाइप एक्झॉस्टला खेटून गेलाय का, ते पाहा.

आणखी एक, साधं आणि सतत विसरलं जाणारं: टाकीचं झाकण उघडल्यावर हवा जोरात आत ओढली गेली आणि मग गाडी चालली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद झाली आहे.

८. ब्रेक दाबून थांबताना नेमकी बंद पडते. ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध?

संबंध आहे. ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेडल दाबताच हवा आत घुसते. गाडी उभी ठेवून स्लोवर पेडल दाबून धरा. फुसफुस आली आणि इंजिन डगमगलं तर बूस्टर. हे पुढे ढकलू नका, हा ब्रेकचाच प्रश्न आहे.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर दुसरी शक्यता टॉर्क कन्व्हर्टरच्या (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम करणाऱ्या भागाच्या) लॉकची. हायवेवर लागलेला लॉक सुटला नाही की थांबताना इंजिन असं बंद पडतं, जणू क्लच न दाबता ब्रेक मारला. थांबण्याआधी न्यूट्रल टाकून बघा. तेवढ्याने इंजिन टिकलं तर संशय पक्का.

तिसरा उमेदवार उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट पुन्हा इंजिनात सोडणारा). स्लोवर तो पूर्ण मिटलेला हवा, काजळीचा खडा अडकला की जळका धूर पुन्हा आत जातो. आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी चुकली असेल तर ब्रेक मारताच पेट्रोल पुढे हिंदकळून इंजिन गुदमरतं.

९. एक सिलिंडर मिस होतोय असं वाटतं. कोणता, ते कसं ओळखू?

एकेक सिलिंडर बंद करून. इंजेक्शनच्या गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि परत लावा. काढल्यावर आरपीएम पडला तर तो सिलिंडर कामाचा, काहीच फरक नाही तर दोषी तोच. प्लग वायर चालू इंजिनात हाताने ओढू नका. झटका बसतो आणि ठिणगीला वाट न मिळाल्याने मॉड्यूल जळू शकतं.

दोषी सापडला की त्याचा प्लग शेजाऱ्याच्या प्लगशी अदलाबदल करा. मिसिंग प्लगबरोबर गेलं तर प्लग, नाही तर वायर, मग इंजेक्टर. यातलं काहीच नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब (प्रश्न १२). प्लगचा रंगही बोलतो: फिका तपकिरी म्हणजे ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. आणि बाकीचे काळवंडलेले असताना एकच वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर कूलंट आत शिरतंय.

१०. पावसात किंवा दमट हवेतच मिसिंग होतं. वायर नव्या टाकू का?

आधी अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि प्लग वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आत बघा. केसासारखी काळी रेघ म्हणजे तडा, आणि तो पुसून जात नाही. झाकण आणि रोटर जोडीनेच बदला. वायर एकेक करून बदला, नाहीतर फायरिंग ऑर्डर चुकेल आणि नवीन मिसिंग पदरात पडेल.

११. टाकी भरल्यावर लगेच सुरू होत नाही, झाली तरी डगमगते.

टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि पर्ज व्हॉल्व्हमधून इंजिनात जाते. तो उघडा अडकला की स्लोवरही वाफ येत राहते, आणि टाकी भरल्यावर ती सर्वात जास्त असते. व्हॉल्व्हचा मॅनिफोल्डकडचा पाइप काढून तोंड बंद करा आणि पुढच्या वेळी टाकी भरून बघा.

टाकी भरल्याने नव्हे तर सतत इंधन कमी पडत असेल, तर दाब मोजा. कार्बोरेटरला साधारण ४ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतो. जनरल मोटर्सच्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला ९ ते १३ लागतो. त्याच घरातल्या १९९६ नंतरच्या व्होर्टेक इंजिनांना ६० च्या आसपास लागतो आणि थोडा कमी पडला तरी ती कुरकुरतात. म्हणून 'दाब आहे' एवढं पुरेसं नाही, आकडा हवा.

१२. प्लग, वायर, कॉइल, फिल्टर, पंप सगळं नवं. तरी स्लोवर थरथरतंच. आता?

आता इंजिनाची स्वतःची तब्येत बघायची, खरं तर ती आधी बघायला हवी होती. सगळे प्लग काढून, थ्रॉटल उघडा धरून, ठिणगी आणि इंधन बंद करून कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो कितीही नव्या पार्टनी स्लोवर सरळ चालणार नाही. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर गॅस्केटच धरून चाला.

पण हेड उघडण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, बघा. टोयोटाच्या २२-आर इंजिनात गरम असताना इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर फट लागते. वर्षानुवर्षं सेटिंग न केलेल्या इंजिनात एक्झॉस्टची फट झिजेने कमी होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि स्लोवर ठोका चुकतो. अशा इंजिनाचा आवाज मात्र छान शांत असतो, त्यामुळे कोणाला संशयच येत नाही. एका संध्याकाळच्या कामाने वाचलेली इंजिनं मी पाहिली आहेत, आणि तेवढं न केल्याने व्हॉल्व्ह जळालेलीही.

उरलेल्या शक्यता: ताणलेल्या टायमिंग चेनने एक दाता सोडणं, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (२५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर व्हॅक्यूम हळूहळू घसरत जातो) आणि खराब अर्थिंग. इंजिन चालू असताना बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर असेल तर सेन्सर खोटं बोलणारच.

१३. स्लोचा स्क्रू फिरवून आरपीएम वाढवला तर काम भागेल ना?

चार दिवस भागेल. स्क्रूने मूळ कारण झाकलं जातं, ऑटोमॅटिक गाडी गिअर टाकताच धक्का देते आणि ब्रेकवर जास्त जोर लागतो. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत तो स्क्रू कारखान्यात बसवून सील केलेला असतो, तो फिरवला की कंप्युटरचा हिशेबच चुकतो. कार्बोरेटरवर स्क्रू फिरवणं योग्यच आहे, पण आधी व्हॅक्यूम लीक, मग इग्निशन टायमिंग, मग मिश्रण आणि शेवटी स्लो, या क्रमाने.

फक्त एसी किंवा हेडलाइट लावल्यावर स्लो पडत असेल तर स्क्रूआधी चार्जिंग मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ ते १४.७ व्होल्ट हवेत.

१४. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर त्या क्षणी काय करायचं?

किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. स्टिअरिंग जड होईल पण वळेल, दोन्ही हातांनी जोर लावा. बूस्टरमध्ये साठलेली ओढ एक-दोन वेळच्या ब्रेकला पुरते, म्हणून पेडल पंप न करता एकदाच ठाम दाबत जा. धोक्याचे दिवे लावा, न्यूट्रल टाका, कडेला घ्या. वेगात असताना बंद पडणारी गाडी कारण सापडेपर्यंत हायवेवर नेऊ नका.

१५. माझी डिझेल आहे. यातलं काय लागू होतं?

ठिणगी आणि थ्रॉटलचं जवळजवळ काहीच नाही. जुन्या डिझेलमध्ये सगळ्यात आधी फिल्टर, त्यातलं पाणी आणि पाइपमध्ये शिरणारी हवा. फिल्टरनंतरच्या पाइपला थोडा वेळ पारदर्शक नळी लावा. बुडबुडे दिसले तर टाकीच्या बाजूला कुठेतरी सांधा सैल आहे, आणि ओढणाऱ्या पाइपवर असल्याने तिथून डिझेल गळतही नाही. पंपावरचा बंद करायचा सोलेनॉइड अधूनमधून करंट गमावत असेल तर इंजिन एकदम बंद पडतं. एकच सिलिंडर अडखळत असेल तर इंजेक्टर तपासायला द्या. उच्च दाबाचा पाइप चालू इंजिनात सैल करून बघायची पद्धत सर्रास दिसते, पण तो फवारा कातडी भेदून आत जातो. ती टाळा.

१६. महिन्यातून एकदाच होतं. कोणाला काहीच सापडत नाही.

अशा वेळी इग्निशन स्विचपासून सुरुवात करा. इंजिन स्लोवर ठेवून किल्ली हलकेच हलवा. किल्लीला लटकलेला जड जुडगा वर्षानुवर्षं ओढत राहिला की आतले संपर्क झिजतात. मग वायरिंगचे जुडगे एकेक करून, पंखा आणि पट्टा सोडून, हाताने हलवत जा: फायरवॉलजवळ, बॅटरीखाली, चॅसिसवर घासणाऱ्या ठिकाणी. शेवटी पंपाचा आणि कंप्युटरचा रिले जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवर बोटाने टिचकी मारा. तेवढ्याने इंजिन अडखळलं तर आतला टाका सुटलाय. इथेही काही हाती लागलं नाही तर ओबीडी-२ च्या गाडीत नोंद ठेवणारा स्कॅनर लावून गाडी रोजच्यासारखी चालवा. बंद पडण्याआधीच्या पाच सेकंदांत आरपीएमचा सिग्नल एकदम शून्य झाला की आधी मिश्रणात पेट्रोल कमी पडत गेलं, हे त्या नोंदीत दिसतं, आणि तिथून तुम्ही पुन्हा प्रश्न ७ वर येता.